कॉइलओव्हरच्या रिंगला बसणारा नेमका पाना कसा शोधायचा

वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली, चाक काढलं आणि आत टॉर्च मारला की आधीच्या मालकाने सस्पेन्शन कशाने फिरवलं ते लगेच कळतं. शॉकच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीच्या, अंगावर आटे असतात. त्या आट्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रिंगा असतात आणि रिंगांच्या कडेला चौकोनी खाचा. त्या खाचांची एक बाजू चेचून बाहेर आलेली असेल, शेजारी चंदेरी ओरखडे असतील, तर कुणीतरी तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडी मारलेली आहे. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या शॉकवर आठपैकी तीन खाचा अशाच गेलेल्या होत्या. त्यात वाईट हे, की खाच एकदा चेचली की पुढे अगदी योग्य पाना आणला तरी तो तिथे नीट बसत नाही.

हा पाना शोधताना बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. ते गाडीचं नाव घेऊन शोध सुरू करतात. पण मूळ शॉक काढून कॉइलओव्हर (म्हणजे बाहेरून स्प्रिंग बसवलेला, उंची बदलता येणारा शॉक) बसवलेल्या गाडीत शॉक आणि स्प्रिंग कारखान्याचे उरलेले नसतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉइलओव्हर असतील, तर एकीचा पाना दुसरीला लागणार नाही. पाना ठरतो तो रिंगवरून. म्हणून आधी रिंग मोजायची आणि मग बाजारात बघायचं. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो.

आधी बघा, तुमच्या गाडीत फिरवायचं काय आहे

प्रत्येक स्पोर्ट्स कारमध्ये खाचांची रिंग असतेच असं नाही. पोर्शे ९११ मध्ये १९८९ पर्यंत टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, होते. तिथे गाडीची पुढची उंची एका बोल्टने बदलते आणि मागची स्प्रिंग प्लेटवरून. कॉर्व्हेटमध्ये पुढे-मागे आडवी कंपोझिट पाटा-स्प्रिंग असायची. २०२० च्या मॉडेलपासून तिची जागा गुंडाळीच्या स्प्रिंगने घेतली. पाटा-स्प्रिंगच्या पाचव्या-सहाव्या पिढीत उंचीसाठी स्प्रिंगच्या टोकाला बोल्ट असतात, म्हणजे साधा सॉकेट पुरतो. माझदा एमएक्स-५ मध्ये कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) बदलायला खालच्या आर्मचा एक्सेंट्रिक बोल्ट फिरवतात. त्यालाही खास पाना लागत नाही, लागतो तो धीर, कारण हे बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसतात. पोर्शेच्या जीटी३ मध्ये खालचा आर्म दोन तुकड्यांचा असतो आणि मधल्या शिमची (पातळ चकतीची) जाडी बदलून कॅम्बर बदलतो.

एअर सस्पेन्शन असेल किंवा शॉकमध्ये वायर जात असेल, तर थांबा. उंची मोजणारे सेन्सर गाडीच्या कंप्युटरशी जोडलेले असतात, तिथे पान्याआधी स्कॅनर लागतो.

यातलं काही नसेल आणि शॉकच्या अंगावर आटे दिसत असतील, तर तो कॉइलओव्हर आहे.

रिंगा नीट ओळखा

साध्या कॉइलओव्हरवर दोन रिंगा असतात. वरची, जिच्यावर स्प्रिंग टेकते, ती बैठक. तिला खालून आवळून धरणारी ती लॉक रिंग. काही शॉकमध्ये अगदी खाली, ब्रॅकेटच्या तोंडाशी, तिसरी रिंग असते. अशा शॉकमध्ये उंची खालचं ब्रॅकेट फिरवून बदलते आणि बैठकीने फक्त स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीपासूनचा दाब, ठरतो. कोणती रिंग काय करते हे कळल्याशिवाय पाना लावू नका. उंची कमी करायला म्हणून बैठक खाली घेतली आणि गाडी उचलल्यावर स्प्रिंग जागेवरच खुळखुळू लागली, असं या तीन रिंगांच्या शॉकमध्ये हमखास होतं.

आता रिंगेच्या कडेवरून बोट फिरवा. एखादा बारीक एलन स्क्रू बोटाला लागतो का? काही रिंगांना असा बाजूने आत जाणारा स्क्रू असतो. काही रिंगा एका जागी चिरलेल्या असतात आणि ती चीर एलन बोल्टने आवळलेली असते. अशा वेळी दुसरी लॉक रिंग नसते, तो बोल्टच कुलूप असतो. ‘रिंग जाम आहे’ म्हणून जी धडपड चालते, त्यात बऱ्याचदा हा स्क्रू सैल करायचाच राहिलेला असतो. चिखलाने भरून तो दिसेनासा होतो. तो घट्ट असताना पान्याला जोर लावला की स्क्रूचं टोक आट्यांवर नांगरासारखं चालतं, आणि ते आटे पुन्हा दुरुस्त होत नाहीत.

मोजमाप

इथे घाई नको. अर्धा तास इथे घातला तर पुढचे आठवडे वाचतात.

नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन रिंगा आणि वरखालचे आटे धुवा. तारेचा ब्रश वापरू नका. अ‍ॅल्युमिनियमवर तो ओरखडे पाडतो आणि स्टीलच्या अंगावरचं गंजरोधक कोटिंग खरवडतो. कोरडं झाल्यावर सहा मापं घ्यायची आहेत.

पहिलं माप रिंगेचा बाहेरचा व्यास, खाचांमधल्या उंच भागावरून. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) बसत असेल तर उत्तमच. पण फेंडरच्या आत, ब्रेकच्या पाइपच्या मागे, व्हर्नियरचे जबडे पुरेसे खोल जात नाहीत. तेव्हा कागदाची अरुंद पट्टी रिंगेभोवती गुंडाळायची, दोन्ही टोकं एकमेकांवर येतात तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, पट्टी सरळ करून लांबी मोजायची आणि ३.१४ ने भागायचं. माझ्या लॉक रिंगेची पट्टी २४२ मिलिमीटर आली, म्हणजे व्यास ७७. पट्टी खाचांवरून ताणून न्या, खाचेत दाबू नका.

बैठक आणि लॉक रिंग दोन्ही स्वतंत्र मोजा. पुष्कळ किटांमध्ये लॉक रिंग बैठकीपेक्षा लहान असते. मूळ किटमध्ये दोन पाने का दिले होते, असा प्रश्न पडला असेल तर त्याचं एक कारण हे. दुसरं कारण पुढे येईलच.

दुसरं माप खाचेची रुंदी. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी घ्या, आणि न चेचलेल्या खाचेचं घ्या. तिसरं माप खाचेची खोली, व्हर्नियरच्या शेपटीने.

चौथं, खाचा किती ते मोजा. हे फालतू वाटेल, पण याच्यावर सगळं काम अवलंबून आहे. सहा खाचा असतील तर एका खाचेतून पुढच्या खाचेत जायला पाना ६० अंश फिरला पाहिजे. आठ असतील तर ४५, बारा असतील तर ३०. फेंडरच्या आत दांडा फिरायला जागा तेवढीच असते. तिथे ४० अंशांचीच मोकळीक असेल आणि खाचा आठ असतील, तर बाजारातला उत्तमातला उत्तम पाना घेऊनही तुम्ही रिंग फिरवू शकणार नाही. लहान दांड्याचा घ्यावा लागेल, नाहीतर शॉक खाली काढावा लागेल. पुठ्ठ्याची पट्टी पान्याच्या दांड्याएवढी कापा आणि तिथे फिरवून बघा. कुठे अडकते ते लगेच दिसतं.

पाचवं माप एका रिंगेची जाडी. दोन्ही रिंगा एकमेकींना चिकटलेल्या असताना पाना एकाच रिंगेला धरला पाहिजे. पाना रिंगेपेक्षा जाड असेल तर तो शेजारच्या रिंगेलाही घासतो किंवा दोन्हींना एकदम फिरवतो. मग तासभर फिरवून लॉक काही सुटत नाही.

सहावं माप आट्यांची पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर. दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागा. दीड किंवा दोन मिलिमीटर हे नेहमीचे आकडे. पाना निवडायला हे माप लागत नाही, पण समायोजन करताना लागतं. पिच २ मिलिमीटर आणि खाचा आठ असतील, तर एक खाच म्हणजे पाव मिलिमीटर. एवढं कळलं की दोन्ही बाजू सारख्या ठेवणं अंदाजाचं काम राहत नाही.

खाचांऐवजी रिंगेच्या कडेवर गोल भोकं असतील, तर भोकाचा व्यास आणि खोली घ्या. ड्रिलचे वेगवेगळे बिट उलट्या, गुळगुळीत बाजूने भोकात घालून बघणं ही सोपी युक्ती. जो सैल न होता आत जातो तोच तुमचा आकडा.

एक सूचना. स्प्रिंगच्या मापावरून पाना घेऊ नका. ६० मिलिमीटर, ६५, ७० किंवा अडीच इंच म्हणजे ६३.५ हे आकडे स्प्रिंगच्या आतल्या व्यासाचे असतात. स्प्रिंगवर तेच छापलेलं असतं, ते वाचायला सोपं जातं आणि लोक त्याच आकड्याचा पाना मागवतात. रिंगेचा बाहेरचा व्यास वेगळा असतो.

आता पाना

या पान्याला सी-स्पॅनर किंवा हूक पाना म्हणतात. कोयत्यासारखी वळलेली कमान, तिच्या टोकाला आत वळलेला दात. जर्मन मानक डीआयएन १८१० मध्ये याचे दोन प्रकार आहेत. ए प्रकाराला चौकोनी दात असतो, तो खाचांसाठी. बी प्रकाराला गोल खुंटी असते, ती भोकांसाठी. चौकोनी खाचेत गोल खुंटी घातली तर ती फक्त एका रेषेवर टेकते आणि तेवढ्याच जागी सगळा जोर येऊन मऊ अ‍ॅल्युमिनियम दबतं. अदलाबदल करू नका.

ठरावीक मापाचे ए प्रकारचे पाने टप्प्यांत येतात: ४५ ते ५०, ५२ ते ५५, ५८ ते ६२, ६८ ते ७५, ८० ते ९०, ९५ ते १०० मिलिमीटर. तुमचा व्यास ७२ असेल तर ६८–७५ चा पाना सरळ घ्या, आणखी विचार करायची गरज नाही. पण माझा आकडा होता ७७, आणि तो दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत पडला. मोठा पाना लावला तर त्याची कमान रिंगेला पुरती टेकत नाही, दात तिरका बसतो आणि जोर आला की सटकतो. लहान लावला तर कमानीची टाच (दांड्याकडचं टोक) वर उचलली जाते आणि दात खाचेत अर्धाच उतरतो. अशा वेळी बिजागरीचा, म्हणजे कमान सांध्यातून हलणारा पाना लागतो. तो ३५–६०, ६०–९० अशा मोठ्या टप्प्यांत मिळतो.

मग सगळ्यांनीच बिजागरीचा का घेऊ नये? कारण सांधा आला की पाना जाड होतो आणि सांध्याच्या रिव्हेटची टोपी शेजारच्या रिंगेला घासते. शिवाय स्वस्त पान्याचा सांधा डुगडुगतो. दांड्याला जोर दिला की कमान आधी थोडी वाकडी होते आणि मगच दात पकडतो. माप टप्प्यात बसत असेल तर सलग पाना कधीही चांगला. बिजागरीचा घ्यायचाच असेल तर हातात घेऊन कमान बाजूला हलवून बघा. वरखाली फिरली पाहिजे, आडवी हलता कामा नये.

दाताची रुंदी खाचेपेक्षा किंचित कमी हवी, अर्धा मिलिमीटरच्या आत. सहा मिलिमीटरच्या खाचेत चार मिलिमीटरचा दात जाईल, पण तो कोपऱ्यावर टेकेल. दाताची लांबी खाचेच्या खोलीपेक्षा थोडी कमी हवी. दात तळाला टेकला की कमान रिंगेपासून उचलली जाते, आणि सगळा भार एका टोकावर येतो.

पाना बरोबर बसला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. रिंगेच्या कडेला खडू घासा, पाना लावा, हलकासा ओढा, काढा. खडू कमानीच्या आतल्या बाजूला लांबवर पसरलेला दिसला तर पाना बसलाय. दाताजवळ एक ठिपका आणि टाचेजवळ एक ठिपका एवढंच असेल तर तो या रिंगेचा पाना नाही. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि ती करूनच पाना ठेवायचा की परत द्यायचा ते ठरवा.

आणि पाने दोन घ्या. एकाने बैठक धरायची, दुसऱ्याने लॉक रिंग सोडवायची. किटमध्ये दोन असण्याचं हे दुसरं कारण. एका पान्याने आणि दुसऱ्या हाताने स्प्रिंग धरून काम होईल असं वाटतं, पण दोन्ही रिंगा एकत्र फिरत राहतात.

शोधायचं कुठे

सर्वांत आधी शॉकच्या अंगावर बघा. ब्रॅकेटजवळ स्टिकर असतो किंवा आकडे ठोकलेले असतात. ते आकडे घेऊन कॉइलओव्हर बनवणाऱ्या कंपनीची पुस्तिका शोधा. सुट्या भागांच्या यादीत पान्याचा क्रमांक बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. तो मिळाला तर मोजमापाचा उपयोग फक्त खात्री करायला होतो. ती मात्र करा, कारण एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या किटांच्या रिंगा वेगळ्या असू शकतात.

कंपनी बंद झाली असेल किंवा स्टिकर गेला असेल, तर गाड्यांच्या सामानाकडे जाऊच नका. यंत्रांच्या हत्यारांकडे जा. लेथ आणि मिलिंग मशीनच्या स्पिंडलवर, बेअरिंगच्या गोल नटांवर असल्याच खाचा असतात, आणि त्यासाठी हे पाने मानक मापांत बनतात. तिथे ‘सस्पेन्शनचा पाना’ म्हटलं तर कुणाला कळणार नाही. ‘ए प्रकारचा हूक पाना, ६८ ते ७५’ म्हटलं की हातात मिळतो. मोटरसायकलच्या मागच्या शॉकचे पानेही असेच दिसतात, पण त्यांचे व्यास बहुधा लहान असतात. मापाशिवाय घेऊ नका.

तिसरा रस्ता म्हणजे तुमच्या व्यासाच्या टप्प्यातला, चांगल्या स्टीलचा सलग पाना घेऊन त्याचा दात कानशीने घासून रुंदी बरोबर करणं. दात रुंद असेल तरच हे करा. वेल्डिंगने दात भरणं टाळा. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पहिल्या जोरात दात वाकतो. जाडी कमी करायची असेल तर ग्राइंडरवर थोडं थोडं, मधून मधून पाण्यात बुडवत घासा.

बाकीची हत्यारं

रिंगेचा पाना मिळाला म्हणजे झालं असं नाही, पण बाकीची हत्यारं सोपी आहेत.

शॉकचा कडकपणा बदलणारी कळ कधी वर रॉडच्या टोकाला असते, कधी खाली. काहींना बोटाने फिरणारं बटण असतं, काहींना २ किंवा ३ मिलिमीटरची एलन की लागते. की नवी आणि सरळ टोकाची घ्या. गोल टोकाची की तिरकी जाते, पण एवढ्या बारीक षटकोनात कोपरे झिजवते. टिक-टिक बहुधा पूर्ण बंद स्थितीपासून मोजतात: आधी घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत, मग उलट मोजत यायचं. शेवटाला जोर दिलात तर आतली सुई तिच्या बैठकीत रुतते.

मॅकफर्सन स्ट्रटचा (जिथे शॉकच चाकाला वरून धरतो, त्या रचनेचा) वरचा नट काढायचा असेल, तर मधून आरपार भोक असलेला सॉकेट लागतो. बाहेरून नट फिरतो, आतून एलन कीने रॉड धरायचा. इथे रॉडची चकचकीत दांडी पकडीने धरण्याचा मोह होतो. तो आवरा. क्रोमवर पडलेला एक ओरखडा प्रत्येक खड्ड्यात सीलमधून वरखाली जातो आणि काही दिवसांत शॉक तेल गाळायला लागतो.

फोक्सवॅगन घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रट चिरलेल्या नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात) बसतो. ती चीर फाकवायला अंडाकृती टोकाचा बिट मिळतो: आत घालून ९० अंश फिरवायचा. छिन्नी ठोकून फाकवू नका. टो (वरून पाहताना चाकाची आत-बाहेरची दिशा) आणि कॅम्बरच्या रॉडवरच्या चेक नटांना पातळ पाने लागतात, कारण नट पातळ असतात आणि मागे जागा नसते. अशा रॉडच्या एका टोकाला बऱ्याचदा उलटे आटे असतात, हे लक्षात असू द्या.

स्प्रिंग कॉम्प्रेसरबद्दल एकच सांगतो. उंची बदलायला तो लागत नाही. स्प्रिंग शॉकवरून काढायची वेळ आली आणि वरचा नट सोडण्याआधी स्प्रिंग हाताने हलत नसेल, तर ते काम अनुभवी माणसाकडे द्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो.

पाना लावताना

१. गाडी सपाट जमिनीवर असतानाच चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजून लिहा. टायरची हवा सारखी करून घ्या.

२. चाकांचे नट सैल करा, जॅक लावा आणि गाडी स्टँडवर ठेवा. एकाच एक्सलची दोन्ही चाकं हवेत असू द्या. एकच उचललं तर अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) दुसऱ्या बाजूने ओढत राहतो आणि स्प्रिंग मोकळी होत नाही. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालू नका.

३. ब्रॅकेटच्या कडेपासून बैठकीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मार्करने रिंगेवर आणि शॉकच्या अंगावर एक सरळ रेघ मारा. परत मूळ जागी यायची वेळ आली तर ही रेघच उपयोगाला येते.

४. बाजूचा एलन स्क्रू किंवा आवळणारा बोल्ट सैल करा. मगच आट्यांवर भेदक तेल मारा आणि झिरपू द्या.

५. एका पान्याने बैठक धरा, दुसऱ्याने लॉक रिंग तिच्यापासून दूर फिरवा. दात खाचेत पूर्ण उतरला आहे ना, हे दर वेळी बोटाने चाचपून बघा. दांडा रिंगेच्या पातळीतच ओढा; वर किंवा खाली तिरका ओढलात की दात खाचेबाहेर चढतो. अंगठ्याने कमान रिंगेवर दाबून ठेवलीत तर निम्मं काम सोपं होतं. आणि पाना ढकलण्याऐवजी शक्यतो ओढा, म्हणजे सटकला तरी बोटं ब्रेक डिस्कवर आपटत नाहीत.

६. आता बैठक फिरवा. किती फिरवायचं ते आधी कागदावर काढा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये बैठक जेवढी हलते, साधारण तेवढीच गाडी हलते. डबल विशबोनमध्ये, म्हणजे वर-खाली दोन आर्म असलेल्या रचनेत, तसं नाही. चाक १० मिलिमीटर हलताना शॉक ७ मिलिमीटर हलत असेल, तर गाडी १० ने खाली आणायला बैठक ७ नेच खाली घ्यायची. हे गुणोत्तर गाडीगणिक वेगळं असतं. माहीत नसेल तर आधी ५ मिलिमीटर बदलून फेंडरची उंची परत मोजा, गुणोत्तर आपोआप मिळतं.

७. दुसऱ्या बाजूला मोजून तेवढ्याच खाचा फिरवा. गाडी पूर्ण लटकलेली असताना स्प्रिंग बैठकीवरून हलत नाही ना, ते हाताने तपासा.

८. लॉक रिंग आवळा. एका हाताचा जोर पुरे. दांड्यावर नळी चढवून लांब करू नका.

गाडीचं वजन चाकांवर असताना बैठक कधीच फिरवू नका. काही रिंगा फिरतातही, म्हणून लोक करतात. पण शेकडो किलोंचा भार घेऊन अ‍ॅल्युमिनियमचे आटे घासले की ते एकमेकांत रुतून फाटतात, आणि त्यानंतर ती रिंग कापूनच काढावी लागते.

रिंग जाम असेल तर

आधी पुन्हा बघा, एखादा स्क्रू राहिला आहे का. मग आटे पुन्हा धुवा. जिथे रिंग जाणार आहे त्या बाजूचे विशेष, कारण खडीचा एक कणसुद्धा तिला अडवतो. भेदक तेल मारून रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी सोडवायच्या दिशेने न ओढता आधी किंचित आवळायच्या दिशेने ओढा, मग उलट. असं पुढे-मागे केल्याने गंजाची पकड तुटते.

गॅसची ज्योत लावू नका. बऱ्याच शॉकमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, आणि तापवल्यावर दाब वाढतो, सील जळतं. तरीही रिंग हलली नाही, तर शॉक काढून बाकावर घ्या. तिथे दांडा पूर्ण फिरवता येतो. ठोकायचंच असेल तर पितळी दांडा न चेचलेल्या खाचेत टेकवून, लहान लहान ठोके द्या. माझ्या त्या मागच्या डाव्या रिंगेवर हेच करावं लागलं. ती सुटली, पण नंतर मी ती बदललीच. बऱ्याच किटांच्या रिंगा सुट्या मिळतात, आणि तीन खाचा गेलेली रिंग पुढच्या वेळी पाना कुठे धरायचा हा प्रश्न ठेवूनच जाते.

नंतर

चाकं लावा, नट टॉर्क रेंचने आवळा, गाडी खाली घ्या आणि थोडी पुढे-मागे चालवा. स्प्रिंग आणि टायर बसल्याशिवाय उंची मोजलीत तर आकडा खोटा येतो. रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट सैल केले असतील, तर ते गाडी स्वतःच्या उंचीवर उभी असतानाच आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. उंची बदलली की टो आणि कॅम्बर बदलतात, म्हणून अलाइनमेंट करून घ्या. हेडलाइटचा झोतही बघा. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर लॉक रिंगांवर पाना लावून त्या सैल झाल्या नाहीत ना, ते तपासा.

आणि मोजलेले आकडे वाया घालवू नका. पान्याच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळून त्यावर व्यास, खाचेची रुंदी आणि खाचांची संख्या लिहा; माझ्या पान्यावर ‘लॉक ७७ / ६ / ८’ असं आहे. दोन्ही पाने, ती एलन की आणि उंचीचा कागद एका कापडात गुंडाळून डिकीत स्टेपनीजवळ ठेवा. गाडी विकाल तेव्हा ते गाठोडं तिथेच राहू द्या, म्हणजे पुढच्या मालकाला स्क्रू ड्रायव्हर घ्यावा लागणार नाही.